आकाशाची पट्टी

गेल्या ऑक्टोबरात छाटणी उरकल्यावर संध्याकाळी मामांच्या द्राक्षबागेत बसलो होतो. दिंडोरी तालुक्यातलं गाव, वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातलं. दिवस मावळून तासभर झाला असेल. उत्तरेकडून एक ठिपका निघाला, न लुकलुकता डोक्यावरून सरकत गेला आणि आग्नेयेकडे पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला. मामा फोनवर पावसाचा अंदाज बघत होते. बाग पोंग्यात येण्याच्या, म्हणजे नवे कोंब फुटण्याच्या दिवसांत पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग ठरलेला, म्हणून तासातासाला बघणं चालू होतं. ‘विमान आहे का रे?’ त्यांनी विचारलं. उपग्रह असेल, म्हणालो, नाहीतर उपग्रह सोडून तिथेच राहून गेलेला रॉकेटचा टप्पा. मग वरचा कचरा, त्याच्या टकरी, तो लेझरने खाली पाडायच्या योजना, असं बरंच सांगत बसलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘बरं, पण पट्टी कोणावर बसवणार?’

पट्टी म्हणजे पाणीपट्टीसारखा वापराचा आकार. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, असं माझं ठाम मत आहे. लेझर किती ताकदीचा हवा, दुर्बिणीचा आरसा केवढा हवा, यावर तीस वर्षं अभ्यास चालू आहे. पट्टीचं बोलणं मात्र दर वेळी पुढच्या बैठकीवर जातं.

मामांच्या फोनवरच्या अंदाजाचा त्या कचऱ्याशी सरळ संबंध आहे. ढगांचं जे चित्र आपण बातम्यांत बघतो ते इन्सॅट मालिकेतल्या, ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचं. पण अंदाज काढणाऱ्या संगणकाला हवेच्या थराथरातलं तापमान आणि बाष्प लागतं, आणि त्या मापांचा मोठा वाटा ध्रुवांवरून फिरणाऱ्या, आठशे-साडेआठशे किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येतो. पिकांवर नजर ठेवणारा आपला रिसोर्ससॅट-२ए हाही ८१७ किलोमीटरवर आहे. नेमका हाच पट्टा सगळ्यात घाण झाला आहे. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने फेंगयुन-१सी हा आपलाच जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने तिथे फोडला. माग ठेवता येतील एवढे मोठे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ आणि एका अमेरिकी कंपनीचा चालू असलेला इरिडियम-३३ एकमेकांवर आदळले. आणखी दोन हजार तुकडे. तिथे हवा इतकी विरळ आहे की तुकडा आपोआप खाली यायला शंभर-शंभर वर्षं लागतात. टकरीतून तुकडे आणि तुकड्यांतून पुन्हा टकरी, ही साखळी नासाच्या डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच मांडून ठेवली होती.

यातला सगळ्यात त्रासदायक कचरा मधल्या आकाराचा. दहा सेंटीमीटरपेक्षा मोठा तुकडा रडारवर दिसतो, उपग्रह बाजूला घेता येतो. एका सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर चांगलं कवच तो बऱ्याच अंशी सोसतं. मधला, हरभऱ्यापासून सोललेल्या नारळापर्यंतचा तुकडा ना नीट दिसतो ना सोसवतो. असे तुकडे दहा लाखांच्या वर आहेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. एका सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची गोळी दीड ग्रॅमच्या आत भरते. पण ती सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळली, तर तिच्यातली ऊर्जा एक टनाची मोटार ताशी चाळीस किलोमीटरने धडकल्याएवढी असते.

आता खर्चाकडे येतो.

युरोपीय अवकाश संस्थेने २०२० मध्ये एका स्विस कंपनीशी करार केला. ११२ किलो वजनाचा रॉकेटचा एक जुना भाग यानाने जाऊन पकडायचा आणि खाली आणायचा; किंमत ८ कोटी ६० लाख युरो. त्या वेळच्या दराने साडेसातशे कोटी रुपयांच्या वर, एका वस्तूसाठी. आपलं मंगळयान अख्खं साडेचारशे कोटींत झालं होतं. पुढे २०२३ मध्ये त्या जुन्या भागावरच दुसरा कसलातरी तुकडा आदळला आणि शेवटी लक्ष्य बदलावं लागलं. त्या कंपनीला मी दोष देत नाही, पहिलं काम महागच पडतं. पण हे टँकरचं अर्थशास्त्र आहे. दर खेपेला गाडी, डिझेल, ड्रायव्हर, सगळं पुन्हा. शंभरावी खेप पहिलीपेक्षा थोडी स्वस्त पडेल, फार नाही. टँकरवर गाव उन्हाळा काढतं, बाग उभी करत नाही.

जमिनीवरचा लेझर म्हणजे धरण. एका उंच डोंगरावर मोठ्या आरशाची दुर्बीण, हवेच्या थरथरीने किरण पसरू नये म्हणून क्षणाक्षणाला आकार बदलणारा आरसा, आणि अत्यंत लहान, अत्यंत जोरकस झोत सोडणारा लेझर. तुकडा क्षितिजावरून आपल्या दिशेने वर येत असताना त्याच्यावर झोत मारायचा. त्याच्या पृष्ठभागाचा अगदी पातळ पापुद्रा वाफ होऊन उडतो आणि त्या वाफेच्या धक्क्याने तुकडा किंचित मंदावतो. आठशे किलोमीटरवरच्या तुकड्याचा वेग सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर. त्यातले दीडशे-एकशेसाठ मीटर कमी झाले तरी त्याची कक्षा एका बाजूला वातावरणात बुडते, आणि पुढचं काम हवा करते. तुकड्याचे तुकडे करायचे नसतात, त्याला फक्त हळू करायचं असतं. एका फेरीत जमलं नाही तर पुन्हा तो डोक्यावर येईल तेव्हा.

हे उभं करायला प्रचंड पैसा लागतो, पण एकदा उभं राहिलं की दहा हजाराव्या तुकड्याचा खर्च म्हणजे वीज आणि माणसांचे पगार. नासाच्या ओरायन या अभ्यासाने १९९६ मध्ये हिशेब मांडला होता, की आठशे किलोमीटरच्या खालचे एक ते दहा सेंटीमीटरचे तुकडे सुमारे दहा कोटी डॉलरमध्ये, दोन-तीन वर्षांत काढता येतील. त्या आकड्यावर मी विसंबणार नाही. तो कागदावरचा आहे, आणि असं केंद्र अजून कुणी चालवून दाखवलेलं नाही. पण हा आकडा पाचपटींनी वाढवला तरी टँकरच्या दराशी त्याची बरोबरी होत नाही. २०२३ मध्ये नासाच्याच एका कार्यालयाने वेगवेगळ्या पद्धतींचा लाभ आणि खर्च समोरासमोर ठेवला. लहान तुकडे लेझरने काढले तर दहा वर्षांच्या आत फायदा खर्चाच्या वर जाऊ शकतो, असं त्यात निघालं. मोठ्या वस्तू एकेक करून उतरवण्याचा लाभ पदरात पडायला याहून बराच जास्त काळ लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जपानची ऑर्बिटल लेझर्स आणि आपल्याकडची इन्स्पेसिटी या दोन कंपन्यांनी लेझर बसवलेल्या उपग्रहाचा एकत्र अभ्यास करायचं ठरवलं. म्हणजे विषय आता प्रयोगशाळेतून बाजाराच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे.

इथेच मामांचा प्रश्न उभा राहतो. धरण बांधून झालं की पाणी पुरतं, असं आपल्या भागात कुठे घडलंय? पाणी आलं की वरच्या अंगाला पंप बसतात, जास्त पाण्याची पिकं येतात, आणि चार-पाच वर्षांत टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या शेतकऱ्याची चारी पुन्हा कोरडी. आकाशातही हेच होणार. कक्षा कुणाच्या मालकीची नाही. तिथे उपग्रह सोडणारा रॉकेटचं भाडं भरतो, उपग्रहाची किंमत भरतो, पण त्याच्यामुळे शेजारच्या प्रत्येकाचा टकरीचा धोका किती वाढला, हे त्याच्या वहीत कुठेच येत नाही. खालच्या कक्षेतल्या बहुतेक उपग्रहांचा तिथल्या नुकसानीचा विमासुद्धा उतरवलेला नसतो, त्यामुळे विम्याच्या हप्त्यातूनही तो धोका दिसत नाही. अशा ठिकाणी तुम्ही फुकट सफाई करून दिली तर जागा रिकामी झाली एवढाच अर्थ निघतो, आणि ती भरायला लोक टपलेले आहेत. स्टारलिंकच्या उपग्रहांना डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या सहा महिन्यांत टक्कर टाळण्यासाठी सुमारे पन्नास हजार वेळा बाजूला व्हावं लागलं. गर्दी आजच एवढी आहे. लेझर आला म्हणून पट्टी लागली नाही, तर गर्दी वाढेल आणि आपण साफ केलेल्या जागेत पुन्हा तेच होईल.

पट्टी बसवली तर काय होईल, याचाही हिशेब झालेला आहे. अखिल राव, मॅथ्यू बर्जेस आणि डॅनियल कॅफिन या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की कक्षेत राहणाऱ्या प्रत्येक उपग्रहावर दरसाल शुल्क बसवलं आणि ते वाढवत २०४० पर्यंत वर्षाला सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरवर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास नेलं, तर उपग्रह उद्योगाचं एकूण मूल्य त्या वेळी साठ हजार कोटी डॉलरऐवजी तीन लाख कोटी डॉलरच्या घरात असेल. शुल्क भरूनही उद्योग जास्त श्रीमंत. कारण टकरी कमी, उपग्रह जास्त दिवस टिकतात, बदली उपग्रह कमी लागतात. हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाघाडच आठवलं.

वाघाडची गोष्ट नाशिकच्या बाहेर जेवढी माहीत असायला हवी तेवढी नाही. कोळवण नदीवरचं हे धरण. कालव्याच्या शेवटाला ओझर. टेलला पाणी पोहोचतच नव्हतं. वरचे घेतात, मधले घेतात, आणि पाणी येणार नाही हे माहीत असल्याने खालचा माणूस पट्टीही भरत नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्या मुद्दाम टेलला उभ्या केल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं त्याच्यापासून सुरुवात. पाणी एकरावर न देता घनमापन पद्धतीने, मोजून घ्यायचं. जेवढं घेतलं तेवढी पट्टी. हळूहळू वरच्या संस्था आल्या, वीसहून जास्त झाल्या, त्यांचा प्रकल्प पातळीवर संघ झाला आणि अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हातात आलं. पुढे २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, तेव्हा त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. सामायिक साधनं सरकारनेच किंवा बाजारानेच सांभाळावी लागतात हा समज खोटा ठरवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या अभ्यासात शेतकऱ्यांनी चालवलेल्या सिंचनाला मोठी जागा आहे.

वाघाडमध्ये पट्टी लोकांनी आनंदाने भरली, असा माझा दावा नाही. मामा सांगतात, पहिली काही वर्षं प्रत्येक बैठकीत भांडण. पण मीटर सगळ्यांसमोर होता. वरच्याने किती घेतलं हे खालच्याला दिसत होतं. भांडण आकड्यावर व्हायला लागलं, माणसावर होईनासं झालं.

आकाशात हा मीटर म्हणजे तुकड्यांचा माग. कोणाचा उपग्रह किती उंचीवर, किती वजनाचा, किती वर्षं राहणार, यावरून त्याने इतरांवर टाकलेला धोका काढता येतो. पाचशे किलोमीटरवर सोडून पाच वर्षांत उतरवणाऱ्याला कमी पट्टी, नऊशेवर शतकभर टाकून देणाऱ्याला जबर. आज या मागाचा सगळ्यात मोठा साठा अमेरिकी लष्कराकडे आहे. इस्रोने २०२२ मध्ये बंगळुरूत आपलं स्वतंत्र केंद्र सुरू केलं, ते मला म्हणूनच रॉकेटइतकंच महत्त्वाचं वाटतं. मीटर एकाच्याच घरात असेल तर पट्टीवर कोणाचाच विश्वास बसणार नाही.

सफाई करणाऱ्याला पैसे कशावर द्यायचे, हेही आधी ठरवावं लागेल. कचऱ्याचं कंत्राट टनावर दिलं की घंटागाडीत माती आणि विटा चढायला लागतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याच शहरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर किलोवर पैसे दिले तर लोक सोपी, जड वस्तू उचलतील. नगावर दिले तर खालच्या उंचीवरचे, नाहीतरी दोन वर्षांत जळणारे तुकडे मोजून बिल लावतील. पैसे कमी झालेल्या धोक्यावरच द्यायला हवेत, आणि तो धोका सफाई करणाऱ्याने मोजता कामा नये.

आता सगळ्यात अवघड भाग, चावी कोणाच्या हातात. तुकड्याला हळू करू शकणारा लेझर चालू उपग्रहाचा कॅमेरा आंधळाही करू शकतो. त्यामुळे कुठल्याही एका देशाने असं केंद्र उभारलं की बाकीच्यांना ते शस्त्रच दिसणार, आणि त्यांचं चुकत नाही. कायदाही अडचणीचा आहे. १९६७ च्या करारानुसार अवकाशात सोडलेली वस्तू ज्या देशाने नोंदवली त्याच्याच अखत्यारीत राहते, तुकडे झाल्यावरसुद्धा. समुद्रात बुडालेलं जहाज काढणाऱ्याला जसा मोबदल्याचा हक्क मिळतो तसा इथे नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही, आणि हरभऱ्याएवढा तुकडा कोणाचा हे सांगता येत नाही, म्हणजे परवानगी मागायची तरी कोणाकडे? यावर मला एकच वाट दिसते. केंद्रं दोन-तीन खंडांवर असावीत, प्रत्येक झोताची वेळ आणि दिशा आधी जाहीर व्हावी, आणि पट्टी भरणाऱ्या देशांच्या संघाने लक्ष्यांची यादी मंजूर केल्याशिवाय झोत सुटू नये. पाटाचं दार एकाने उघडायचं नाही. मोठे देश सहज मानणार नाहीत, हे मला दिसतं. पण टकरींनी त्यांचेही उपग्रह फुटणार आहेत, आणि सगळ्यात जास्त उपग्रह त्यांचेच आहेत.

नाशिकमध्ये हा विषय काढला की एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, गोदावरीत अजून सांडपाणी मिसळतं, आणि तुम्ही आकाश साफ करायला निघालात? पैशापुरतं उत्तर सोपं आहे : ही पट्टी उपग्रहवाल्यांनी भरायची आहे, घरपट्टीतून जायची नाही. पण गोदावरीने आपल्याला जे दाखवलं ते त्याहून मोठं आहे. पात्रातल्या पाणवेली यंत्राने काढल्या की नदी आठ दिवस मोकळी दिसते. नाल्यातून सांडपाणी येतच राहिलं तर पाणवेली पुन्हा पसरतात, पुन्हा यंत्र येतं, पुन्हा बिल निघतं. लेझर हे पाणवेली काढणारं यंत्र आहे. ते हवंच. नाला बंद करायचं काम मात्र पट्टी करते.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा, आणि तो मला जास्त सतावतो. वरचं बहुतेक वजन मोठ्या वस्तूंत आहे. युरोपचा आठ टनांचा एन्व्हिसॅट २०१२ पासून निकामी होऊन फिरतो आहे, रशियाचे आठ-नऊ टनांचे जुने टप्पे साडेआठशे किलोमीटरच्या आसपास आहेत. त्यांतले दोन एकमेकांवर आदळले तर लेझरने दहा वर्षांत काढलेलं एका दिवसात परत येईल. लेझर त्यांना खाली आणू शकत नाही; फार तर टक्कर दिसत असेल तेव्हा आधीपासून हलका रेटा देऊन एकाला थोडं बाजूला सारू शकेल, आणि तेही अजून सिद्ध व्हायचं आहे. म्हणून पट्टीतला एक हिस्सा टँकरसाठी, म्हणजे मोठ्या वस्तू पकडणाऱ्या यानांसाठी ठेवावाच लागेल. हा हिस्सा कोणी भरायचा, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे : ज्यांच्या वस्तू, त्यांनी, वजनाच्या प्रमाणात. जुन्या थकबाकीचा भार नव्याने येणाऱ्या देशांवर टाकणं म्हणजे वरच्याने वापरलेल्या पाण्याची पट्टी टेलवाल्याकडून वसूल करणं.

भारत यात कुठे उभा आहे? काही अंशी हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, काही अंशी टेलला. मार्च २०१९ मध्ये आपणही स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. उंची तीनशे किलोमीटरच्या आत ठेवल्याने माग ठेवलेले तुकडे काही वर्षांत जळून गेले. अशा चाचण्या करू नयेत या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावावर डिसेंबर २०२२ मध्ये १५५ देशांनी होकार दिला, तेव्हा आपण तटस्थ राहिलो. मला ते पटलेलं नाही. दुसऱ्या बाजूला, मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह शंभर वर्षांहून जास्त वर राहिला असता. इस्रोने उरलेलं इंधन वापरून मार्च २०२३ मध्ये तो प्रशांत महासागरावर नेऊन उतरवला. त्याची त्या वेळी कुणी सक्ती केली नव्हती. २०३० पर्यंत आपली प्रत्येक मोहीम कचरा न ठेवणारी असेल, असंही आपण २०२४ मध्ये जाहीर केलं.

आणि एक जुनं देणं आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ ने तीन उपग्रह नीट कक्षेत सोडले. त्याचा वरचा टप्पा मात्र इंधन शिल्लक राहिलेल्या अवस्थेत वरच राहिला आणि त्याच डिसेंबरात फुटला. माग ठेवलेले तीनशेहून जास्त तुकडे झाले. बरेचसे आतापर्यंत जळून गेले, काही अजून फिरत आहेत. त्या धड्यानंतर इस्रो वरच्या टप्प्यातलं उरलेलं इंधन मोकळं करून टाकू लागली.

दिल्लीने आता एक साधं पत्र काढावं : पीएसएलव्ही-सी३ च्या उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर, कुठल्याही संयुक्त केंद्राने, यादी आणि वेळ आधी जाहीर करून, लेझर चालवायला भारताची आगाऊ परवानगी आहे, आणि त्या तुकड्यांचा सफाईखर्च भारत भरेल. तुकडे थोडे आहेत, रक्कम मोठी होणार नाही. ते पत्र टेबलावर असेल, तर फेंगयुन आणि कॉसमॉसच्या तुकड्यांबद्दल बीजिंग आणि मॉस्कोला तोच प्रश्न लेखी विचारता येईल. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘आमच्यात पण पहिली पावती अध्यक्षानंच फाडली होती.’ मग फोन खिशात ठेवून ते फवारणीचा पंप भरायला उठले. पहाटेनंतर पाऊस दाखवत होता.